उंबऱ्याआतले इस्पितळ

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेला निघालो की भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकत आपण पौडला पोहोचतो. मुळशी तालुक्याचे हे मुख्य ठाणे. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालयही इथेच. पुढे मुळशी धरणाचा जलाशय लागतो आणि त्याच्या कडेने ताम्हिणी घाटाकडे जाताना गावे विरळ होत वाड्या सुरू होतात. रस्ता सोडून आत, डोंगराच्या अंगाला, धनगरवाडे आणि कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीच्या संगणक कंपन्या आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या उंच इमारती दिसतात. या दोन मुळशींत फारसे काही सारखे नाही. पण अंगावरून वारे गेलेला माणूस इस्पितळातून घरी आणला जातो, त्या दिवसापासून दोन्हीकडे सारखेच घडते. पुढचे महिने, कधी पुढची वर्षे, घर हेच त्याचे इस्पितळ होते. वाडीवर त्याची कूस बदलणारी बायको किंवा सून असते. इमारतीत ब्यूरोमार्फत बारा तासांच्या पाळीवर आलेली मावशी असते, आणि पुष्कळदा ती जवळपासच्याच एखाद्या गावातून आलेली असते. घरच्या शुश्रूषेची ही रीत आपल्याला इतकी परिचयाची आहे की तिलाही काही इतिहास असेल, हे सहसा मनात येत नाही. तो इतिहास मोठा लांबचा आहे. आपण त्याचा मागोवा घेऊ.

आरंभ चरकसंहितेपासून करावा लागतो. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपचाराचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि स्वतः रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्यापाशी राहून त्याचे सर्व काही करणारा माणूस. प्रत्येक पादाला चार गुण हवेत आणि सोळा गुण जमले तरच उपचार सिद्धीला जातो, असा हा विचार. उपस्थात्याचे चार गुण म्हणजे उपचाराची जाण, हाताची तत्परता, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता. याच स्थानाच्या पंधराव्या अध्यायात राजाच्या किंवा धनवंताच्या उपचारासाठी घर कसे सज्ज करावे, याचे तपशीलवार वर्णन येते. वरणकढण शिजवणारे, अंघोळ घालणारे, अंग चोळणारे, रोग्याला उठवून बसवणारे, औषधे वाटणारे असे सेवक तिथे हवेत. त्याचे मन रमवण्यासाठी गाणारे आणि गोष्टी सांगणारेही हवेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आजच्या शुश्रूषेतले बहुतेक सारे काम आले आहे. एवढे सेवक ज्याच्याकडे नव्हते, त्या सामान्य माणसाच्या घरी मात्र ही सगळी कामे एकाच व्यक्तीच्या वाट्याला आली, आणि ती व्यक्ती बहुधा घरातली बाईच होती.

पुढच्या अनेक शतकांत मावळातल्या घरांत ही विद्या कागदावर न उतरता चालत राहिली. वैद्य एखाद्या मोठ्या गावात. वाडीवर सुईण, जाणती म्हातारी आणि तिचा बटवा. बाळंतिणीची अंधारी खोली, शेक, धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती ही घरच्या शुश्रूषेची सर्वांत नीट बांधलेली पद्धत होती. तिच्यात शहाणपण होते, तसे धोकेही होते. बाळाची नाळ विळ्याने कापली जाई आणि धनुर्वाताने बाळ दगावे; खोली बंद असल्यामुळे धूर कोंडे. दुखणे हाताबाहेर गेलेच, तर बांबूला घोंगडी बांधून डोली करायची आणि चौघांनी आळीपाळीने खांदा देत डोंगर उतरायचा. डोली उचलणारे गावाच्या लक्षात राहत. त्याआधीच्या रात्री उशाशी जागून काढणारीची मात्र कुठे नोंद झाली नाही.

एकोणिसाव्या शतकात इस्पितळ आले. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले, पण त्याच्या आसपासच्या वर्षांत युरोपात घडलेल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या अधिक जवळच्या आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहून पूर्ण केले. ते परिचारिकांसाठीचे पाठ्यपुस्तक नव्हते. ज्या सामान्य स्त्रियांवर घरातल्या माणसांच्या प्रकृतीची जबाबदारी येते, त्यांना चार गोष्टी सुचवाव्यात म्हणून ते लिहिले गेले. त्याच वर्षी लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीचे निधन झाले. तिच्या अखेरच्या दुखण्यात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने घरी येऊन सेवा केली होती. आपल्यासारख्या संपन्न घराला या सेवेने एवढा आधार मिळाला, तर गरिबांच्या घरी तिची किती गरज असेल, असे रॅथबोन यांना वाटले. त्यांनी त्याच परिचारिकेला शहरातल्या गरीब वस्त्यांत घरोघर जाण्यासाठी नेमले. आजाऱ्याने इस्पितळात यायचे, हा नियम उलटवून शिकलेल्या व्यक्तीने आजाऱ्याच्या घरी जायचे, ही आधुनिक काळातली कल्पना अशी एका घरच्या दुःखातून रुजली.

पुण्यात मात्र आधुनिक वैद्यकाने घराचा उंबरा ओलांडला तो पहिल्यांदा भीती होऊन. १८९६ साली मुंबईत आलेली प्लेगची साथ पुण्याला पोहोचली. १८९७च्या मार्चमध्ये वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरांची झडती सुरू केली. ज्याच्याविषयी संशय येई त्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना विलग छावणीत नेले जाई. सामान जाळले जाई. परिणाम असा झाला की लोक आजारी माणूस लपवू लागले. त्या काळात घरची शुश्रूषा चोरून करण्याची गोष्ट झाली. त्याच मार्चमध्ये पुण्याजवळ एक वेगळे उदाहरण घडत होते. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्याकरवी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन तिथे आणले, त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. साथ रोखण्यासाठी घरात शिरणाऱ्या सत्तेने आजारी आणि मेलेले मोजले. आजाऱ्याजवळ बसलेल्यांशी ती बोलली नाही. घरात जाणे आणि घरच्यांना विश्वासात घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या वर्षाचा धडा पुढे फार काळ उपयोगी पडणार होता.

या धड्यानंतर बारा वर्षांनी, १९०९ साली, रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांतून पुण्यात सेवासदन उभे राहिले. परक्याचे मलमूत्र काढणे हे हलके काम, ही समजूत तेव्हा घट्ट होती. अशा काळात सेवासदनाने विधवांना आणि गरजू मुलींना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले. घरात जे काम बाईने फुकट आणि निमूटपणे करायचे, ते शिकता येते आणि त्यावर स्वाभिमानाने पोटही भरता येते, हे पुण्यातल्या मध्यमवर्गाला या मुलींनी दाखवले. मुळशीपर्यंत मात्र ही लाट पोहोचली नाही. तिथे दुसरेच संकट आले होते. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध एप्रिल १९२१मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. तो मोडला गेला, धरण बांधून झाले, निळा आणि मुळा यांच्या संगमाचा प्रदेश पाण्याखाली गेला. वीज मुंबईला गेली. खोऱ्याच्या तळाची सुपीक भातजमीन आणि गावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा बुडाल्या, माणसे डोंगराच्या बाजूला सरकली. पाण्यापलीकडच्या वाड्यांतून आजारी माणूस बाहेर काढणे आजही का अवघड जाते, याचे एक कारण या इतिहासात आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर समजूत पक्की झाली होती की गंभीर रोगाला घर चालत नाही. क्षयरोग हे तिचे ठळक उदाहरण. क्षयाच्या रुग्णाने स्वच्छ हवेच्या आरोग्यधामात राहावे, विश्रांती घ्यावी, दूध-अंडी खावीत, असा सल्ला मिळे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांतल्या खाटा मोजक्या आणि रुग्ण लाखोंनी. या कोंडीत मद्रासने वाट काढली. १९५६ साली तिथे एक प्रयोग सुरू झाला. १९३ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला दाटीवाटीच्या, अर्धपोटी घरांत राहू दिले. औषधे दोघांना तीच. वर्षभर थुंकी तपासली गेली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते आणि घरातल्या इतरांना त्यामुळे जास्त लागण झाली नव्हती. औषध नियमित घेतले जाते का, हा प्रश्न खाटेपेक्षा आणि खुराकापेक्षा मोठा ठरला. गरिबाचे घरही उपचाराची जागा होऊ शकते, हे आकड्यांनी सिद्ध झाल्याचे हे पहिले मोठे उदाहरण होते. साऱ्या जगाचे क्षयरोगाचे धोरण त्यानंतर बदलले.

मद्रासने घरी औषध पोहोचवले. घरातल्या आणि गावातल्या बाईच्या हाती ज्ञान देण्याचे काम महाराष्ट्रात झाले. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच, पुष्कळदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केले. १९८६ साली अभय आणि राणी बंग गडचिरोलीला गेले, आणि १९९५पासून त्यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातली आरोग्यदूत बाळाचे वजन करी, त्याला उबदार पिशवीत ठेवायला आईला शिकवी, एका मिनिटातले श्वास मोजी आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसली तर इंजेक्शनही देई. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती आली आणि २०११पासून नवजात बाळासाठी तिच्या गृहभेटी ठरल्या: दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा, घरी जन्मलेल्यासाठी सात. मुळशीच्या वाडीवर आज आशाताई बाळाच्या घरी जाते, तेव्हा तिच्यामागे जामखेड आणि गडचिरोली उभे असतात. या सगळ्या भेटींचा मोबदला एका बाळामागे अडीचशे रुपये ठरला. हा आकडाही या इतिहासाचाच भाग आहे.

बाळ वाचवता येते. जो बरा होणार नाही, त्याचे काय? या प्रश्नाला उत्तर देणारा प्रवाह वेगळा आहे. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे मरणासन्न रुग्णांसाठीचे केंद्र उघडले. भारतात असे पहिले केंद्र, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत डॉ. लुईस डिसोझा यांनी सुरू केले. पण भारताचा खरा शोध कोझिकोडला लागला. तिथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाची संस्था स्थापन केली आणि काही वर्षांतच हे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, स्वयंसेवकांच्या हातात देत घरोघर पोहोचवले. २००८ साली केरळने परिहार सेवेचे स्वतंत्र धोरण आखले. परिहार सेवा म्हणजे रोग हटला नाही तरी त्रास हटवणारी काळजी. या वाटेत एक विचित्र अडथळा होता. अफू पिकवणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या देशातच १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या परवान्यांच्या जंजाळामुळे कर्करुग्णाला मॉर्फीनची गोळी मिळत नव्हती. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही गाठ थोडी सैल झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या वारज्याला, मुळशीच्या वेशीजवळच, १९९७ साली सिप्ला संस्थेचे परिहार सेवा व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तिथे विनामूल्य सेवा मिळते, रुग्णासोबत घरचे माणूस राहते, शिकते आणि मग दोघे घरी परततात; केंद्राची पथके घरीही जातात. राष्ट्रीय परिहार सेवा कार्यक्रम २०१२ साली आला, आणि २०१८पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या कामात वृद्धांची व असाध्य रुग्णांची काळजी कागदावर तरी समाविष्ट झाली.

पथक घरात येते तेव्हा काय बदलते, इथे आपण थोडे थांबले पाहिजे. तंबाखू-मिश्रीने तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाचे दुःख केवळ दुखण्याचे नसते. जखमेला वास येतो, म्हणून तो स्वतःच ओसरीच्या कोपऱ्यात सरकतो, नातवंडांना जवळ येऊ देत नाही. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकायला परिचारिका शिकवते. काही दिवसांत वास ओसरतो आणि माणूस पुन्हा चारचौघांत बसतो. मॉर्फीन दुखेल तेव्हा घ्यायचे नसते, घड्याळ लावून दर चार तासांनी घ्यायचे असते आणि सोबत रेचक द्यायचे असते, हे घरात कोणीतरी पक्के लक्षात ठेवावे लागते. पक्षाघाताच्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, गोधडीला वळी पडू द्यायची नसते, लघवीची पिशवी कमरेच्या खाली ठेवायची असते. हे समजले की बायकोच्या किंवा सुनेच्या मनातली धास्ती कमी होते. आपल्या हातून काही चुकले म्हणून पाठीला जखम झाली, हा अपराध ती मनात घेऊन बसलेली असते. बाहेरून आलेल्या जाणत्या माणसाने 'तुम्ही बरोबर करता आहात' एवढे सांगितले, तरी त्या घराला बळ येते.

तरीही तिचा दिवस तेवढाच लांब राहतो. पहाटे पाणी, मग रुग्णाचे अंग पुसणे, कपडे, भरवणे, मधल्या वेळात जनावरे. आंबेमोहराच्या या मुलखात जुलैची लावणी कोणासाठी थांबत नाही. लावणीला गेली तर घरचा माणूस ओला पडून राहतो. घरी राहिली तर वर्षाचा दाणा आणि रोज दोन्ही जातात. पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला दिवसेंदिवस धार लागते तेव्हा पथकाची गाडीही वाडीपर्यंत जात नाही. रात्री झोप तुकड्यातुकड्यांची. तिची स्वतःची पाठ दुखते, तिच्या रक्तदाबाची गोळी संपलेली असते. पण घरात आजारी म्हणून एकाचीच गणना झालेली असते. रुग्णालाही हे कळते. आपण ओझे झालो, ही बोच कित्येकांना रोगापेक्षा जास्त छळते. इमारतीतल्या मावशीची गत फार निराळी नाही. दिवसभर परक्या आजीची सेवा करून ती गावी परतते, तेव्हा स्वतःच्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे करायचे बाकी असते.

२०२० साली करोनाने साऱ्या महाराष्ट्राला हा अनुभव एकदम दिला. खाटा संपल्या, घरी विलगीकरण आले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर पोहोचले. १५ सप्टेंबर २०२० रोजी राज्याने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू केली आणि आशाताई दारोदार तापमान आणि प्राणवायू मोजत फिरल्या. १८९७च्या झडतीपेक्षा हे येणे वेगळे होते. दारात उभी असलेली बाई गावातलीच होती आणि लोक तिच्याशी बोलत होते. पण जबाबदारी कुटुंबाची हे वाक्य जितक्या मोठ्याने उच्चारले गेले, तितक्या मोठ्याने कुटुंबाला कोणती मदत द्यायची, हे ठरले नाही.

या साऱ्या वाटेवर एक सूत्र आपल्याला पुन्हा पुन्हा दिसते. जे मोजले गेले, त्याचीच व्यवस्था झाली. मद्रासला थुंकी तपासली गेली आणि क्षयाचा उपचार घरी आला. गडचिरोलीला बाळाचे श्वास मोजले गेले आणि देशभर गृहभेटी सुरू झाल्या. परिहार सेवेत वेदनेला शून्य ते दहा असे अंक दिले गेले आणि मॉर्फीनचा कायदा बदलण्याला बळ मिळाले. सेवा करणाऱ्या माणसाची झोप, बुडालेला रोज, दुखणारी पाठ यांची मोजदाद मात्र अजून नियमाने होत नाही. ती व्हायला हवी. गृहभेटीला गेलेल्या प्रत्येक आशाताईने आणि परिचारिकेने रुग्णाच्या नोंदीशेजारी त्याच्या काळजीवाहकाचीही प्रकृती तपासून नोंदवावी. लावणीच्या आठवड्यांत आजाऱ्यापाशी बसायला गावातलीच शिकलेली व्यक्ती मिळावी आणि तिला त्याचे पैसे मिळावेत. बारा तासांची पाळी करणाऱ्या मावशीला प्रशिक्षण, सुटी आणि निवृत्तीचा आधार असावा. पौडसारख्या तालुक्याच्या गावी हे सुरू करायला नव्या इमारतीची गरज नाही. आशाताई आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे, शेजारी वारज्याचा अनुभव आहे. आजाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचायला आधुनिक वैद्यकाला दीडशे वर्षे लागली. त्या घरात आजाऱ्याबरोबर आणखी एक माणूस झिजते आहे, हे मान्य करून तिच्यासाठी व्यवस्था करणे हा या वाटेवरचा पुढचा टप्पा आहे, आणि तो आपल्या पिढीने गाठायचा आहे.